रंजनाताईंची उष्टी वही

"सर, मी पल्लवी. रंजनाताईंची मुलगी. आई गेली..."

फोन आला तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर संकल्पचित्रासाठी चौकोन आखत होतो. कावीळ झाली होती, म्हणाली. आधी साधीच वाटली, मग बारा दिवसांत सगळं हाताबाहेर गेलं. "तुमचा नंबर आईच्या वहीच्या पुठ्ठ्यावर आतून लिहिलेला होता. वर ‘माझे सर’ असं लिहिलंय. म्हणून कळवलं." मी म्हणालो, "बरं... कळवलंस ते बरं केलंस." ऑफिसातल्या पत्राची पोच द्यावी तसं. फोन खिशात ठेवला आणि चौकोनाच्या उरलेल्या दोन रेघा मारल्या. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, वाकडा आलाय." आला होता खरा.

याला आता सहा आठवडे होतील. रंजनाताई मुरबाड-शहापूर एसटीवर कंडक्टर होत्या. त्यांच्याबद्दल लिहावं असं माझ्या मनात होतंच, पण नुसत्या मनात असण्याने मी काही लिहिलं नसतं. मला हे लिहायला सांगितलं गेलं आहे. कुणी आणि का, ते ओघात येईल.

मी राहतो शहापुरात आणि चित्रकला शिकवतो मुरबाडच्या एका शाळेत. किन्हवली, सरळगाव करत जाणारी सकाळची गाडी माझी नेहमीची. सात वर्षांपूर्वी त्या गाडीवर रंजनाताई आल्या. पंचेचाळिशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, साडीवर खाकी कोट, आणि आवाज असा की मागच्या सीटवर घोरणारा माणूस दचकून खिसे चाचपायला लागायचा. मी कंडक्टरच्या सीटच्या शेजारची खिडकी धरून बसायचो आणि मुलांच्या ग्रेड परीक्षेच्या सरावाचे कागद तपासायचो. एक दिवस तिकिटं उरकून त्या शेजारी टेकल्या, गठ्ठ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, एक विचारू? ही सगळी पोरं एकच मडकं कशाला काढतात?" मी म्हणालो, "तो स्थिरचित्राचा पेपर असतो. समोर ठेवलेलं असतं, ते बघून काढायचं." "पण मडकं तर समोर हायेच ना," त्या म्हणाल्या, "मग परत कशाला काढायचं?" मी हसलो. त्यांना काही कळत नाही म्हणून हसलो आणि पुढचा कागद घेतला.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी त्यांनी मला आपली वही दाखवली. कुठल्याशा वर्षाची जुनी, जाड कागदाची डायरी. इतक्या गोष्टी चिकटवलेल्या की मिटायची नाही, म्हणून तिला टायरच्या ट्यूबचा रबर लावलेला. पल्लवीने मोबाइलवर कधीतरी परदेशातल्या बायकांचे व्हिडिओ दाखवले होते. त्या वहीच्या पानांवर रंग लावतात, वर कागद चिकटवतात, साचे ठेवून नक्षी उठवतात, ठसे मारतात. आर्ट जर्नल म्हणतात त्याला. रंजनाताईंना ते आवडलं, पण त्यातलं सामान इथे कुठे मिळायला? मग त्यांनी आपलं सामान आपण जमवलं. नवऱ्याचा पाय मोडला होता तेव्हाचे एक्स-रे सोड्याच्या पाण्यात भिजवून घासून स्वच्छ केले आणि ब्लेडने कापून त्यांचे साचे केले. सागाचं पान, माशाचा काटा, खेकडा. तुटक्या चपलांच्या तळव्यातून ठसे कोरले. गाडीच्या फाटक्या सीटमधून बाहेर आलेल्या स्पंजाच्या तुकड्याने रंग थापायचा, मैद्याच्या खळीने कागद डकवायचे, आणि पानाला आधी भिंतीचा पांढरा प्रायमर मारून घ्यायचा, म्हणजे रंग शोषला जात नाही. एसटीचं तिकीट हल्ली यंत्रातून निघतं. त्या कागदाला ऊब लागली की तो काळा पडतो, हे त्यांना चुलीजवळ कळलं. तेव्हापासून त्या लोकांनी टाकून दिलेली तिकिटं शेजारी शेजारी चिकटवायच्या आणि वर तापलेला झारा दाबायच्या. काळाभोर गोल, आणि झाऱ्याच्या भोकांइतके पांढरे ठिपके. एका पानावर असे नऊ गोल होते. खाली लिहिलं होतं, ‘आवसेच्या राती आमच्या पाड्यावरून.’

"आमी हिला उष्टी वही म्हनतो," त्या म्हणाल्या. "सगळं दुसऱ्यानं वापरून टाकलेलं. बघा ना, कशी हाय?"

त्या वहीत एक पान म्हशाच्या जत्रेचं, म्हणजे मुरबाडजवळच्या गुरांच्या बाजाराचं होतं. जत्रेत बैलांना नवे नाल ठोकतात तेव्हा झिजलेले जुने तिथेच पडून राहतात. रंजनाताईंनी त्यातले चार उचलून आणले होते. दोन पानं मिळून भगवा-मातकट रंग, आणि त्यावर दाट रंगात बुडवून मारलेले नालांचे ठसे. डावीकडे गर्दी, पुढे पुढे विरळ होत गेलेली, आणि उजव्या कडेला एकच जोडी, अर्धी पानाबाहेर गेलेली. एकही बैल काढलेला नव्हता. पण विकला गेलेला बैल नव्या मालकामागून चालला आहे आणि त्याचं दावं धरणारा जुना हात मोकळा झाला आहे, हे ते पान बघणाऱ्याला कुणी सांगावं लागलं नसतं.

मी ते पान बराच वेळ बघितलं. कौतुक होतं, पण नुसतं कौतुक नव्हतं. मी कलाशिक्षकाची पदविका घेतलेला माणूस. त्या वेळी मला स्वतःचं म्हणून एक चित्र काढून अकरा वर्षं झाली होती. मी वही मिटली, तिचा रबर नीट लावला आणि म्हणालो, "छंद म्हणून ठीक आहे." त्यांनी मान डोलावली. तेवढ्यावरही त्या खूश झालेल्या दिसल्या.

पुढे वर्षभराने माझ्या एका जुन्या वर्गमित्राचा ठाण्याहून फोन आला. त्यांची कलासंस्था चित्रवह्यांचं आणि लहान चित्रांचं प्रदर्शन भरवत होती. निवडून लावणार होते. "तुझं काहीतरी पाठव," तो म्हणाला, "आणि तिकडचं कुणी असेल तर तेही." मी रात्रंदिवस खपून तीन जलरंगातली चित्रं केली. माळशेजचा डोंगर, भातखाचरं, आणि पुन्हा डोंगर. रंजनाताईंना सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी म्हशाची वही आणली. धुतलेल्या ओढणीत बांधलेली होती. "सर, नाव घालू का बाहेरून? का पोरगी घालंल चांगल्या अक्षरात?" सरळगाव येईपर्यंत त्यांनी ती ओढणी तीनदा सोडली आणि तीनदा बांधली.

ठाण्याला मी रविवारी गेलो. संस्थेच्या दालनात एक तरुण मुलगी आलेली कामं उघडून बघत होती, नोंद करत होती. माझ्या आधीच्या माणसाची चित्रं तिने पानं उलटावीत तशी पटापट बघितली. माझी पाळी आली. मी चित्रं काढून दिली. तिने तीही तशीच बघितली. "अजून काही?" तिने विचारलं. पिशवीत ओढणीची गाठ माझ्या हाताला लागत होती. ही वही तिने उघडली तर तिचा हात थांबेल, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या चित्रांवर थांबला नव्हता तो हात... मी म्हणालो, "नाही, एवढंच."

परत येताना मी स्वतःला बरंच काही समजावलं. त्या बाईंना उगाच आशा लावायला नको, तिथे नावाजलेल्यांची गर्दी असणार, त्यांची फजिती नको. यातलं काहीही खरं नव्हतं. वही मी घरी कपाटात ठेवली. दीड महिन्याने माझी तिन्ही चित्रं परत आली. निवड झाली नव्हती. मग मी ओढणी तशीच बांधलेली वही घेऊन गाडीत बसलो आणि म्हणालो, "रंजनाताई, आपल्या दोघांचीही नाही झाली."

त्यांनी वही घेऊन मांडीवर ठेवली. मग मलाच धीर द्यायला लागल्या. "जाऊ द्या सर. तुमचं नाय झालं, तर माझं कुठून होनार? मनाला लावून घेऊ नका तुमी." आणि मग, किन्हवलीची तिकिटं फाडून परत आल्यावर, अगदी हळू आवाजात विचारलं, "माझ्यात काय कमी हाय, ते काय बोलले का?"

इथे मी ‘नाही’ म्हणून सुटू शकलो असतो. पण खोटं बोललेल्या माणसाला ते खरं वाटावं म्हणून त्यात तपशील भरायची घाई असते. मी मास्तरच्या आवाजात म्हणालो, "ठसे आणि साचे फार झाले, म्हणाले. हाताने काढलेलं हवं. रेखाटन कच्चं आहे."

"हां," त्या म्हणाल्या. "ते बरोबरच हाय. मला चित्र कुठं काढता येतं?"

आठवड्याभरात त्यांनी टूबी पेन्सिल आणि खोडरबर घेतलं. "सर, मला मडकं शिकवा," म्हणाल्या. मडकं तर समोर आहेच, असं म्हणणारी ही बाई. आणि मी शिकवलं! सकाळच्या गाडीत, किन्हवली ते सरळगाव. मधली उभी रेघ धरायची, दोन्ही बाजू सारख्या आणायच्या, उजेड डावीकडून तर छाया उजवीकडे. त्यांचा हात गाडीच्या धक्क्यांनी हलायचा, पण त्याहून जास्त तो त्या कामालाच नकार द्यायचा. मडकी कलंडायची, केळी भोपळ्यासारखी व्हायची. सरळगावला गाडी थांबे तेव्हा उतारू चहा प्यायचे आणि रंजनाताई आपल्या सीटवर बसून स्टीलचा तांब्या काढायच्या. ड्रायव्हर चेष्टा करायचा, "बाई, तांब्यातलं पानी आटलं, तुमचा तांब्या काय होईना." एक दिवस त्यांनी सगळे एक्स-रेचे साचे आणि चपलांचे ठसे एका पिशवीत घालून मला दिले. "तुमच्या शाळेतल्या पोरांना होतील. मला आता नको." मी ती पिशवी घेतली. शाळेच्या कपाटात ठेवली. मुलं अजून वापरतात.

सांगून टाकायची संधी मला मिळाली नाही असं नाही. एकदा सरळगावच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. माणसं मागून आलेल्या गाडीत चढून गेली, मी मुद्दाम थांबलो. आज बोलायचंच, असं ठरवून थांबलो. आम्ही रस्त्याकडेच्या पुलाच्या कठड्यावर बसलो होतो. मी घसा साफ केला, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सर, एक सांगू? इतकी वर्सं लोकं माझ्याकडं बघत्यात ती सुट्ट्या पैशांसाठी. घरचे म्हनतात, ही काय कागदं चिकटवत बसते. माझं काम हातात घेऊन ‘इथं चुकलं’ असं कोनी कधी सांगितलंच नाय. तुमी सांगितलं, त्या ठान्याच्या मोठ्या लोकांनी सांगितलं... लय बरं वाटलं मला. आपल्याला कोनीतरी नीट बघितलं ना."

मी उठून ड्रायव्हरला पाना द्यायला गेलो. चाक बदलून झालं. आम्ही गाडीत बसलो.

त्यानंतर महिन्याभरात मी स्कूटर घेतली. बायकोला सांगितलं, गाडीच्या वेळा जमत नाहीत. रंजनाताईंना सांगितलं, शाळेचे जादा तास आहेत. खरं कारण मला माहीत होतं. त्यांचं मडकं आणि त्यांचं ‘बरोबर आलं का, सर?’ मला रोज सकाळी बघवत नव्हतं. चूक करणं एक आणि चुकीची शिकवणी घेणं दुसरं. पहिल्यापेक्षा दुसऱ्याने माणूस जास्त दमतो.

शेवटची भेट म्हणजे भेट नव्हतीच. गेल्या हिवाळ्यात मुरबाडच्या स्टँडबाहेर मी स्कूटरला किक मारत होतो. त्यांची गाडी बाहेर पडत होती. खिडकीतून अर्ध्या बाहेर येऊन त्या ओरडल्या, "सर! केळं जमलं आता! या ना एकदा गाडीला!" लोक हसले. मीही हसलो, हात केला, आणि स्कूटर वळवली. चेहरा उतरलेला होता का, डोळ्यांत पिवळेपणा होता का, हे मी आता आठवायचा प्रयत्न करतो. आठवत नाही, कारण मी बघितलंच नाही.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी टोकावड्याला गेलो आणि तिथून त्यांच्या पाड्यावर चालत गेलो. पल्लवी घरी होती. ती आसनगावला नोकरीला असते, रजा काढून आली होती. तिचे वडील रानात गेले होते. पल्लवीने ओट्यावर चटई टाकली, पाणी दिलं आणि आईच्या वह्या आणून माझ्यापुढे ठेवल्या. "तुम्हीच बघा, सर. तुम्हालाच कळेल यातलं. आई सगळ्यांना सांगायची, सरांनी मला वळण लावलं, नायतर मी नुसती पोरखेळ करत होते."

मी म्हशाचं पान शोधलं. डायरी तीच होती. रबर तोच होता. पण आतली बहुतेक पानं पांढरी झाली होती. प्रायमरचा जाड हात मारून आधीचं सगळं झाकलेलं, आणि वर पेन्सिलीने मडकी, तांबे, केळी. म्हशाच्या पानावर एक समई होती, वाकडी. "कागद चांगला जाड आहे, म्हणाली, कशाला वाया घालवायचा," पल्लवी सांगत होती. "आणि नापास झालेलं ठेवून काय करायचं? मी म्हटलं, राहू दे गो आई, मला आवडतं ते. ऐकलं नाही." मी पानावरून हात फिरवला. प्रायमरच्या खाली दाट रंगाच्या कडा बोटांना लागत होत्या. डावीकडे पुष्कळ, मग कमी कमी.

तेव्हा मी तिला सांगितलं. दालनातल्या मुलीपासून ओढणीच्या गाठीपर्यंत सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा बोलू शकलो नसतो, म्हणून थांबलो नाही. पल्लवी ऐकत होती. माझं संपल्यावर तिने डायरी माझ्या हातातून घेतली. मग म्हणाली, "म्हणजे ती वही तिथे कुणी उघडलीच नव्हती?"

"नाही."

"आणि ठसे नकोत, हे कोण म्हणालं?"

"मीच."

"तुमी..." तिचा आवाज चढला नाही, पण नोकरीच्या गावात कमावलेली शुद्ध बोली एकदम गळून पडली. "तुमी माझ्या आईला पाच वर्सं मडकी काढायला लावली. दवाखान्यातपन तिचा हात चालत नव्हता तरी पेन्सिल मागायची. नीट येत नाय म्हनून रडायची, ठावं हाय तुमाला? मी समजवायची, आई, येईल गो, सर हायेत ना तुझे."

मी म्हणालो, "मला माफ कर, असं म्हणायचीसुद्धा..."

"मग नका म्हनू," ती म्हणाली. "माझ्याकडं माफी मागून काय होनार? मी कोन देनारी? तुमाला लिवता येतं ना? पेपरात लिवा. तिचं नाव घालून लिवा. आई नापास झाली नव्हती, एवढं लोकांना कळू दे."

म्हणून हे लिहितो आहे. रंजनाताई कधीही नापास झाल्या नव्हत्या. ठाण्यात त्यांची वही कुणी पाहिली नाही, कारण मी ती पिशवीतून काढली नाही. ठसे आणि साचे फार झाले, हे मत कुठल्याही संस्थेचं नव्हतं. ते एका मत्सरी मास्तरचं होतं. माझ्या वर्गमित्रालाही मी हे कळवलं आहे. त्याने फोन ठेवून दिला.

मी निघायला उठलो, तर पल्लवी म्हणाली, "थांबा. आत या." स्वयंपाकघरात मोरीच्या शेजारी, दाराआड एक भिंत होती. कागदावर ठसा मारायच्या आधी रंजनाताई तिथे मारून बघायच्या. जमिनीपासून बसल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीपर्यंत वीतभरही जागा मोकळी नव्हती. मक्याच्या कणसाचे, सुपाच्या काठाचे, भेंडीच्या चकत्यांचे, कुणाच्या तरी लहान तळहाताचे ठसे. एकावर एक, निळे, शेंदरी, काजळी. कुठलाच मांडून मारलेला नाही, आणि तरी सगळी भिंत मिळून पावसाळ्यातल्या रानासारखी गच्च आणि जिवंत. दिवाळीला घर रंगवताना हिच्यावरही रंग मारा, असं रंजनाताईंनीच सांगितलं होतं. रंगाचा डबा संपला म्हणून तेवढी भिंत राहिली. "आता बाबा हात लावू देत नायत," पल्लवी म्हणाली. "सकाळचा चहा इथंच बसून पितात."

ती माझ्याकडे बघत होती. कुठल्याही चित्रापुढे उभा राहिलो की माझ्या तोंडून काहीतरी निघतं, सवयीने. समतोल, छाया, रंगसंगती. त्या दिवशी त्यातलं काही आलं नाही. "फार सुंदर आहे," मी म्हणालो.

"हे आईला सांगायला पायजे होतं," पल्लवी म्हणाली आणि मोरीतली भांडी घासायला बसली.

परतीची गाडी साडेचारला होती. तोवर मी त्या भिंतीसमोर जमिनीवर बसून होतो. पल्लवीने भांडी घासली, पालथी घातली, अंगण झाडून घेतलं. मला ऊठ कुणी म्हटलं नाही.